चार पॅडॉकची माती

माझा उपग्रह दर दोन-तीन दिवसांनी पहाटे सहाच्या सुमाराला डोक्यावरून जातो, असं मी म्हटलं की आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळातल्या बायका हसतात. हसू देत. तो काही मी बनवलेला नाही. बनवला दुसऱ्यांनी, सोडला दुसऱ्यांनी, मी फक्त तो पाठवतो त्या आकड्यांवर युनिव्हर्सिटीत नोकरी करते. पण माणूस ज्याची बाजू घेऊन वर्षानुवर्षं भांडतो ते त्याचंच होऊन बसतं, आणि मी भांडकुदळ आहे हे मला लहानपणापासून सांगण्यात आलेलं आहे. या उपग्रहासाठी मी पुष्कळांशी भांडले. एकदा जिच्याशी भांडायला नको होतं तिच्याशी भांडले, त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी तो काय करतो ते सांगते, कारण त्याशिवाय माझा गाढवपणा कळणार नाही. जगातली प्रत्येक वस्तू स्वतःहून सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते. जमीनसुद्धा. कोरडी जमीन जास्त टाकते, ओली कमी. म्हणजे वरून नुसतं मोजता आलं तर खाली ओल किती ते कळतं. अडचण अशी की या लहरी फार क्षीण असतात आणि लांबही असतात. नीट चित्र हवं तर इतकी मोठी अँटेना लागेल की ती रॉकेटमध्ये मावणार नाही. म्हणून आमच्या उपग्रहाला तीन लांब हात आहेत आणि त्या हातांवर ताटलीएवढ्या छोट्या अँटेना ओळीनं बसवल्या आहेत. एकटी अँटेना जवळजवळ आंधळी. पण एकाच क्षणी दोघींना काय ऐकू आलं ते ताडून बघायचं, अशा हजारो जोड्या लावायच्या, आणि त्यांतून गणितानं नकाशा काढायचा. मुलगी शाळेत असताना मी तिला हे समजावलं, तर ती म्हणाली, "सो इट्स लाइक गॉसिप, आई? दोन जणींनी सेम सांगितलं तर ट्रू?"

मी तेव्हा खूप हसले होते. वर्गात विद्यार्थ्यांनाही हेच सांगायचे. एकटीवर विश्वास ठेवायचा नाही.

हा नकाशा खरा की खोटा हे तपासायला मात्र कुणाला तरी जमिनीवरच जावं लागतं. विशेष काही नाही, लोखंडी कड्यानं माती कापायची, पिशवीत भरायची, वजन करायचं, ओव्हनमध्ये दिवसभर वाळवायची, परत वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. आमची तपासणीची ठिकाणं मेलबर्नच्या उत्तरेला, गाडीनं चार-साडेचार तासांवर, सपाट मोकळ्या रानात पसरलेली होती. शेतकऱ्यांच्या कुंपणं घातलेल्या तुकड्यांना इथं पॅडॉक म्हणतात, अशा पॅडॉकमध्ये ओल मोजणारे आमचे प्रोब पुरलेले. उपग्रह जाईल त्या सकाळी तिथं माणूस हवा. आदल्या दिवशी निघायचं, गावातल्या मोटेलात राहायचं, उजाडायच्या आत रानात. पीएचडीची पोरं एकदा जाऊन यायची आणि दुसऱ्यांदा त्यांना हमखास सर्दी व्हायची.

जिच्याशी भांडले ती मला भेटली डँडेनॉन्गला, फॉस्टर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानात. शनिवारची गर्दी होती. पुढे एक बाई दुकानदाराला सांगत होती, "भैया, ये काँटा झीरो पे नहीं है. पहले झीरो करो." दुकानदार म्हणाला, "अरे दीदी, दस ग्राम का फर्क है." त्यावर ती म्हणाली, "फर्क तो है ना." आणि तिनं स्वतःच हात पुढे करून बटण दाबलं. रांगेतले सगळे वैतागले. मी मात्र तिच्या हिंदीवरून ती पुण्याची असणार हे ओळखलं आणि बाहेर येऊन बोलायला उभी राहिले.

पुण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये अकरा वर्षं तिनं इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं होतं. नवरा आयटीत. त्याला स्किल्ड व्हिसा मिळाला आणि ती मागोमाग आली. इथं प्रत्येक ठिकाणी 'लोकल एक्स्पीरियन्स' विचारत. तो कुठून आणायचा? मग जवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली. "सहा तास उभं राहून वाकडी पाकिटं बाजूला काढते," ती म्हणाली. "तसं बघितलं तर क्वालिटी कंट्रोलच." हे तिनं हसत सांगितलं, पण दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा हसली नाही. म्हणाली, "मला कधीकधी वाटतं, मी शिकवत होते ते सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य."

आमच्याकडे रानातल्या कामाला टेक्निशियन हवा होता. कॅज्युअल, वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. मी तिचं नाव सुचवलं आणि तिला ते मिळालं. ही माझ्या हातून झालेली चांगली गोष्ट, तीही इथं लिहून ठेवते, पुढं मला या गोष्टीचा आधार लागेल.

तिचं काम बघण्यासारखं होतं. मला म्हणजे दुरूनच, कारण मी कधी बरोबर गेले नाही. आमच्या छापील फॉर्मवर शेवटी 'रिमार्क्स' असा चिंचोळा रकाना आहे. तिच्याआधी सगळे तिथं 'ओके' लिहायचे. ती मुंगीच्या अक्षरात काय काय लिहायची! गेटची कडी मोडली आहे, प्रोबच्या वायरीला उंदरानं तोंड लावलं आहे, उत्तरेच्या कोपऱ्यात मेंढ्या बसतात म्हणून तिथली माती घेतली नाही. मला सकाळी रस्त्याच्या कडेवरून फोन यायचा. "अगं, गेला बघ तुझा. मी टाटा केला." गमबूट, केशरी जॅकेट, डोक्याला लोकरीची टोपी, आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. तिथला म्हातारा शेतकरी तिला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणायचा, याचं तिला भारी कौतुक. मंडळातल्या काही जणींनी, एकटी बाई दोन-दोन दिवस कुठं जाते, म्हणून नाकं मुरडली. ती म्हणाली, "मुरडू देत. अकरा वर्षं पोरांना मोजायला शिकवलं, आता मी स्वतः मोजते आहे."

इथं पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि त्या वर्षी तो बरा झाला. नकाशावर सगळीकडे ओल दिसायला लागली, एका भागात सोडून. तिथं आमचा उपग्रह आठवड्यामागून आठवडे कोरडी जमीन दाखवत होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रेताड माती असेल, पाणी टिकत नसेल. पण त्याच भागातल्या चारही पॅडॉकमधून तिनं आणलेली माती ओली होती. थोडीथोडकी नाही, चांगली ओली.

बाकी सगळी ठिकाणं जुळत होती. हे एकच अडून बसलं होतं. आणि मला महिन्याभरात अहवाल द्यायचा होता. मोजमाप काढायची नवी पद्धत माझी होती. ती नीट चालते हे दाखवलं तर पुढची तीन वर्षं काम माझ्या हाताखाली येणार होतं. हे मी आधी मनाशीसुद्धा कबूल करत नसे, आता करते.

मी तिला फोन केला. तिनं फॉर्म काढून मला सगळे आकडे परत वाचून दाखवले. मी म्हटलं, "कुठंतरी चुकतंय."

"प्रोब पण ओलंच दाखवतोय ना? आणि माती पण. दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत गं."

"प्रोब जुना आहे. ड्रिफ्ट झाला असेल, आकडे सरकले असतील."

"प्रोब मी गेल्याच महिन्यात तपासला. तू असं कर, एकदा ये. गुरुवारी मी जातेय, चल माझ्याबरोबर. तिथं हात घालून बघ, चिखल लागतो हाताला."

"मला अजिबात वेळ नाहीये. आणि तुझा हात म्हणजे काही इन्स्ट्रुमेंट नव्हे."

ती म्हणाली, "बरं." मी फोन ठेवला आणि मलाच राग आला, तिचा. आपण कुणाला टाकून बोललो की राग त्याचाच येतो, हा माझा जुना आजार आहे.

त्यानंतर मी तिचे फॉर्म काढून बसले. वाचायला म्हणून नाही, चूक शोधायला म्हणून. आणि मिळाली. एका फॉर्मच्या रिमार्क्समध्ये तिनं लिहिलं होतं: 'जनावरांच्या पाण्याचं टाकं गळतं आहे, आजूबाजूला दलदल. दोनशे पावलं लांब जाऊन माती घेतली.' मी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. गळणारं टाकं गेटजवळच होतं. पहाटेची थंडी, अंधार, एकटी बाई. चार पॅडॉकमध्ये कशाला हिंडेल? टाक्याजवळ गाडी थांबवली असेल, तिथंच चार पिशव्या भरल्या असतील आणि चार नावं घातली असतील. मी स्वतः तिथं असते तर हेच केलं असतं, हे मला आज दिसतं. तेव्हा मला वाटलं की मी फार हुशारीनं प्रकरण उलगडलं.

विभागप्रमुखांनी त्या ठिकाणाबद्दल माझं लेखी मत मागवलं होतं. मी पत्रात लिहिलं की चारही नमुने गळक्या टाक्याजवळच्या एकाच जागेवरून घेतलेले असण्याची दाट शक्यता आहे, नमुने घेणाऱ्या व्यक्तीच्या नोंदी विश्वासार्ह धरता येत नाहीत, सबब हे ठिकाण हिशेबातून वगळावं. इंग्रजीत ते आणखी थंडगार वाटतं. मी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवून दिलं. तिला एका शब्दानं विचारलं नाही.

अहवाल मंजूर झाला. काम माझ्याकडे आलं. दोन महिन्यांनी तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते पुढं वाढवलं नाही. तिनं मला कॅम्पसमधल्या कॅफेत गाठलं. रडली वगैरे नाही. एवढंच विचारलं, "काय झालं गं? माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "छे गं. फंडिंग संपलं. सगळ्यांचीच कटकट चालू आहे."

तिनं मान डोलावली. "नो वरीज," म्हणाली. इथं आल्यावर आपण सगळेच हे म्हणायला शिकतो.

ती परत बिस्किटांच्या कारखान्यात गेली. सुरुवातीला मी फोन करायचे, मग सणावारी मेसेज, मग तेही थांबलं. शनिवारचा किराणा मी दुसरीकडून आणायला लागले. गणपतीला ती हॉलमध्ये लांबून दिसली, नैवेद्याची ताटं मांडत होती. मी मुलीच्या परीक्षेचं निमित्त सांगून आरतीआधीच निघाले. मुलीची परीक्षा नव्हती.

दोन वर्षं गेली. मग एक दिवस परदेशातल्या एका सहकाऱ्याची ईमेल आली. तो फक्त लुडबुडीचा शोध घेतो. म्हणजे असं, आम्ही ज्या लहरी ऐकतो त्या पट्ट्यात पृथ्वीवर कुणीही काही प्रसारित करायचं नाही, असा जगभर नियम आहे. तरी लोक करतात, बहुतेकदा नकळत. स्रोत जोरकस असेल तर आमच्या चित्रात चांदणी उमटते, सहा शेपट्या फुटलेली, ती कुणालाही दिसते. पण स्रोत दुबळा असेल तर चांदणी दिसत नाही. तो जमिनीच्या आवाजात आपला आवाज मिसळतो, जमीन आहे त्याहून जास्त बोलते आहे असं वाटतं, आणि जास्त बोलणारी जमीन आम्ही कोरडी समजतो.

त्या भागात धान्याच्या एका गोदामावर कुणीतरी बाहेरून मागवलेला वायरलेस कॅमेरा बसवला होता. चोरांवर लक्ष ठेवायला. तो आमच्या पट्ट्यात बडबड करत होता. या सहकाऱ्यानं चिकाटीनं माग काढला, इथल्या अधिकाऱ्यांना कळवलं, त्यांनी जाऊन तो बंद करवला. आणि बंद केल्यापासून पहिल्याच फेरीत आमच्या नकाशावर तो भाग ओला दिसायला लागला. मध्ये पाऊस झालेला नव्हता.

मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि जुने फॉर्म उघडले. तिचे आकडे, चारही पॅडॉकचे. सारखे नव्हतेच ते! एकाच जागेची माती चार पिशव्यांत भरली असती तर चारींतली ओल सारखी निघाली असती. प्रत्येक वेळी दुसरा पॅडॉक सगळ्यांत ओला होता आणि चौथा त्यातल्या त्यात कमी. हे तेव्हाही तिथंच लिहिलेलं होतं. डोळे उघडून वाचणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. मी आकड्यांवर जगणारी बाई, आणि मी तिचे आकडे बघितलेच नव्हते. मला स्वतःची फार शरम वाटली.

चूक सुधारणं आमच्या धंद्यात फार सोपं असतं. सगळं परत चालवायचं, नवी आवृत्ती काढायची, खाली बारीक अक्षरात लिहायचं की अमुक भागातला पूर्वीचा कोरडेपणा बाह्य प्रक्षेपणामुळे होता. महिनाभरात झालं. लोकांनी कौतुक केलं, किती प्रामाणिकपणे दुरुस्ती केली म्हणून. तिचा उल्लेख त्यात कुठं येणार? पत्राचा तर नाहीच.

तिच्याकडे जायला मला आठ महिने लागले. कधी काम, कधी पाहुणे, कधी नुसतं 'पुढच्या वीकेंडला बघू'. शेवटी मुलीनंच विषय काढला. ती आता स्वतः युनिव्हर्सिटीत जाते. मी तिला अर्धीमुर्धी हकीकत सांगितली होती. ती म्हणाली, "आई, जस्ट गो अँड से सॉरी. हाऊ हार्ड इज इट?" मी तिच्यावर खेकसले, आणि त्याच रविवारी दुपारी डँडेनॉन्गला गेले.

नवऱ्यानं दार उघडलं. "या या, किती दिवसांनी!" म्हणाला आणि काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर गेला. ती मागच्या अंगणात मेथीच्या वाफ्याला पाणी घालत होती. थोडी वाळली होती. चहा केला. आम्ही बाहेरच बसलो, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅमेरा, गोदाम, नकाशा, नवी आवृत्ती. "तुझी माती बरोबर होती," म्हटलं. "चारही पॅडॉकची."

मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा तोंड फिरवेल. ती पुढं सरकली. "कॅमेरा? सतत चालू असायचा की थांबून थांबून? पॉवर किती असेल?" मी सांगितलं. "मग अँटेनांच्या सगळ्याच जोड्यांत थोडा थोडा शिरला असणार," ती म्हणाली. "म्हणून चांदणी नाही दिसली. आणि सकाळी तो एकीकडून येतो, संध्याकाळी उलटीकडून, त्या दोन फेऱ्यांत फरक होता का गं? तो कॅमेरा एका बाजूला तोंड करून असेल, तर एका दिशेनं जाताना जास्त दिसायला हवा." होता. फरक होता, आणि आमच्या लक्षात तो सहकाऱ्यानं सांगितल्यावर आला होता. तिला अंगणात बसल्या बसल्या, मेथीचं पाणी हाताला असताना, पाच मिनिटांत सुचला. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना. ही बाई जवळजवळ तीन वर्षं वाकडी पाकिटं काढत होती आणि तिला तिथं परत मी धाडलं होतं.

मग ती मागे टेकून बसली. चहा निवत होता.

"एक विचारू?"

"विचार ना."

"तेव्हा तुला काय वाटलं होतं? मी चुकले असं, की मी खोटं लिहिलं असं?"

मी माफी मागायलाच गेले होते. एवढं वय झालं, एवढा पश्चात्ताप झाला, आता खरं बोलायला काय हरकत होती? उत्तर मला पाठ होतं. आणि तरी माझ्या तोंडून आलं, "छे गं, खोटं कसं वाटेल? चुकलीस, एवढंच वाटलं. प्रोब जुना होता ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. बिघडलेल्या उपकरणाकडे बघतात तसं, दोष कुठं आहे ते शोधत.

"तुझं पत्र मला वाचायला दिलं होतं विभागप्रमुखांनी," ती म्हणाली. "कुणाच्या कामावर आक्षेप घेतला तर त्याला प्रत द्यावी लागते, वाचल्याची सही घ्यावी लागते. तुला कॅफेत भेटले ना, त्याच्या आधीच्या सोमवारी."

म्हणजे मी तिला फंडिंगचं सांगत होते, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. आणि ती मान डोलावत होती.

"मी तेव्हा विचारलं ना, माझं काही चुकलं का? म्हटलं, तू सांगशील. मग आज दारात दिसलीस, तेव्हा परत वाटलं, आज सांगशील."

एवढं म्हणून ती उठली, दोन्ही कप उचलले आणि आत गेली. आतून नळाचा आवाज यायला लागला. नवऱ्याची गाडी परत येऊन दारात थांबली तरी मी त्या खुर्चीवर बसूनच होते, आणि सॉरी म्हणायचं अजून राहिलेलं होतं.